शंभरातून नव्वद

लेकीच्या रक्ताला नव्वद मिळाले म्हणून मी पावशेर जिलबी आणली.

झालं असं की वर्ध्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सकाळपासून बाकावर बसून होतो. टोकाच्या खोलीतून रक्त तपासणारे भाऊ बाहेर आले आणि सिस्टरच्या हाती कागद देता देता म्हणाले, "चौदा नंबर खाट, नव्वद." चौदा नंबर म्हणजे आमची विमल. मी सिंदीच्या प्राथमिक शाळेत चौथीचा मास्तर. वीस वर्षं पोरांचे पेपर तपासून माझी अशी गत झाली आहे, की नव्वद ऐकलं की हात आपोआप कुणाची तरी पाठ थोपटायला उठतो. मी कुणालाही काही विचारलं नाही. फाटकासमोरच्या हॉटेलातून जिलबी आणली आणि अर्धी शेजारी बसलेल्या आर्वीच्या गृहस्थाला दिली. त्याच्या मुलाचा पाय मोडला होता. त्यानं खाता खाता विचारलं, "कितीतून नव्वद, मास्तर?"

"शंभरातूनच असतील," मी म्हणालो.

मग वॉर्डाच्या खिडकीशी गेलो. गिरजा, माझी बायको, आत खाटेशी बसली होती. तिला गजांतून सांगितलं, "शंभरातून नव्वद आले. पोरगी पास." तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि खाटेच्या पायथ्याशी फरशीवर कलंडली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा डोळा लागला.

थोड्या वेळानं रक्तवाले भाऊ चहाला निघाले. मी त्यांच्यापुढंही जिलबी धरली. कशाची, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. भाऊंचा हात तसाच मागं गेला.

"मास्तर, हे शाळेतले नव्वद नव्हेत," ते म्हणाले. "इथं जितके कमी तितकं बरं. धडधाकट लेकराचे दहा-पंधरा असतात."

भला माणूस. त्यांनी मला खोलीच्या दारात नेऊन दाखवलंसुद्धा. लाकडी चौकटीत बारीक काचेच्या नळ्या उभ्या होत्या. त्यांत रक्त भरून तासभर हलवायचं नाही. अंगात कुठं सूज असली की रक्तातले लाल कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात, वर नुसतं पिवळं पाणी उरतं. लाल रेघ तासात किती खाली गेली, तो आकडा. विमलची नळी जवळजवळ अर्धी पिवळी झाली होती.

माझ्या तोंडात तेव्हा जिलबीचा तुकडा होता. तो गिळवेना आणि थुंकवेना.

परत खिडकीशी गेलो. गिरजा गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं. तिला उठवून काय सांगायचं? ऊठ, पोरगी नापास आहे? मी पाय न वाजवता बाकावर येऊन बसलो. तिथून पुढं पंधरवडाभर मी त्या बाकावर होतो, पण खरा अडकलो होतो तो त्या नव्वदांत.

*

ही अठ्ठावन्न सालच्या सुरुवातीच्या थंडीतली गोष्ट. विमल आमचं शेंडेफळ, चार वर्षांची. तिला खोकला झाला तेव्हा मी म्हणालो, थंडी आहे, पोरं खोकणारच. तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी छातीला लावली आणि शाळेत गेलो. त्या दिवशी योगायोगानं आरोग्याचा धडा होता. तो मी फार चांगला शिकवतो.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. नाकपुड्या उडायला लागल्या. श्वास घेतला की फासोळ्यांखाली खड्डा पडायचा आणि पोट टणकन वर यायचं. आमच्याकडं याला डब्बा म्हणतात. आत्यानं, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीनं, पोरीचं झबलं वर करून पाहिलं आणि तो एकच शब्द उच्चारला. मग सुईला बिब्बा टोचून ती दिवा लावायला गेली. पोटावर बिब्ब्याचे पाच चटके दिले की डब्बा बसतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तिच्या स्वतःच्या पोटावर पाच डाग आहेत, आणि त्यांच्यामुळंच आपण वाचलो असं ती सांगते. तिची दोन लेकरं याच दुखण्यानं गेली, त्यांच्याही पोटावर डाग होते. ते ती सांगत नाही, आणि तिला त्याची आठवण करून देण्याची हिंमत मला कधी झाली नाही.

सव्वा वर्षापूर्वी आम्ही सगळ्यांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. घरातले देव काढले, नवस-अंगारे बंद केले. आत्याही आली होती, पांढरं लुगडं नेसून, आमच्या सगळ्यांच्या पुढं. पण बिब्बा म्हणजे काही देव नाही, ते औषध आहे, असं तिचं म्हणणं होतं. उत्तर नसलं की माणूस जे करतो तेच मी केलं. म्हणालो, "एखादा चटका दिल्यानं काय बिघडते?"

हो, मीच म्हणालो. आरोग्याचा धडा फार चांगला शिकवणारा.

गिरजानं विमलला माझ्या जाड धुशात गुंडाळलं, पायात चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "मी टेसनावर चालली. तुमाले याचं असन तर या."

वर्ध्याची पॅसेंजर यायला अवकाश होता. मी धावत गेलो म्हणून सापडलो. गाडीत ती माझ्याशी बोलली नाही. आपला एक हात पोरीच्या छातीवर आणि दुसरा स्वतःच्या छातीवर ठेवून बसली होती. तिचे श्वास पोरीच्या श्वासांशी ताडून पाहत होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्या एका श्वासात पोरीचे तीन होत होते.

*

डॉक्टरसाहेबांनी घड्याळ हातात धरून विमलचे श्वास मोजले, छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवून पाहिली आणि सांगितलं, उजव्या बाजूला न्यूमोनिया आहे, जोराचा आहे. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दवाखान्याचा नियम असा की लेकरांच्या वॉर्डात एकट्या आईनं राहायचं. पुरुषांनी व्हरांड्यात. चार ते पाच खिडकीशी उभं राहून बोलायची मुभा. एरवी कुणी खिडकीला चिकटलेला दिसला की सिस्टर हातातला ट्रे वाजवायच्या, आणि आम्ही बापलोक कावळ्यांसारखे उडून पुन्हा बाकावर बसायचो.

ज्यांनी कधी दवाखान्यात दिवस काढले नाहीत त्यांना वाटतं, तिथं सारखं काही ना काही होत असेल. काही होत नाही. सकाळी फिनाईलनं फरशी पुसतात. मग दूध येतं. मग डॉक्टर येतात आणि तुमच्या खाटेशी ते किती थांबले याचे अर्थ काढत तुम्ही दुपार करता. लवकर पुढं गेले तर बरं आहे म्हणून गेले की उपाय नाही म्हणून गेले? ठरलेल्या वेळेला पेनिसिलिनची सुई असायची. पहिले दोन दिवस विमल सुईला रडलीच नाही. तिसऱ्या दिवशी क्षीण आवाजात ती सुईवालीला "जा तिकडं" म्हणाली, तर व्हरांड्यातल्या आम्हा चौघा बापांना हसू आलं. आर्वीवाल्यानं मला विडी दिली. मी विडी ओढत नाही. त्या दिवशी ओढली आणि खोकत बसलो, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, आप को भी खाट देना पडेगा क्या?"

अशी थोडी थोडी दया मिळत होती. पण बाक तोच आणि भिंत तीच. समोरच्या भिंतीवरच्या डागांत मला रोज महाराष्ट्राचा नकाशा दिसायचा. खरं म्हणजे तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो, पण मास्तरच्या डोळ्यांना सुट्टी नसते.

आणि मला आता कबूल करायला हरकत नाही. घरातले देव काढलेल्या माणसानं तिथं नवा देव करून ठेवला. रक्तवाल्या भाऊंच्या खोलीचं दार उघडं दिसलं की मी जाऊन त्या नळ्यांसमोर उभा राहायचो. त्यात विमलचं रक्त नसायचं, दुसऱ्याच कुणाचं असायचं. तरी हात जोडले जायचे. एकदा भाऊंनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, काच आहे ती. तिला काही देऊन उपयोग नाही, ती फक्त सांगते."

*

गिरजाला खरं सांगायचं रोज ठरवायचो. चार वाजले की खिडकीशी जायचो, गज धरायचो, आणि ती आतून विचारायची, जेवले काय? मी म्हणायचो, जेवलो. तेवढ्यातच पाच वाजायचे.

पाच-सहा दिवसांनी उतरलेला ताप पुन्हा चढला. पुन्हा पोट उडायला लागलं. पुन्हा रक्त घेतलं. या वेळी मी तासभर खोलीच्या दारातच बसलो. भाऊ नळी उजेडाला धरून पाहत राहिले, मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "एकशे दहा."

डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. पांढऱ्या पेशीही वाढल्या आहेत, छातीत पाणी साचलं असावं, उद्या पाठीतून सुई घालून काढावं लागेल, इथं सही करा. मी सही केली. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. त्या कागदावरची सही पहिलीतल्या पोरानं केल्यासारखी आहे.

चार वाजता खिडकीशी गेलो.

"रक्त घेतलं होतं ना आज? कितीक आले?" गिरजानं विचारलं.

आता पाहा माझी फजिती. खरा आकडा सांगायचा तरी सांगता येईना, कारण शंभरातून म्हणून बसलो होतो. शंभरातून एकशे दहा कसे येतील? आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, ते खोटं वाईट असतं म्हणून. ते इतकं अडचणीचं असतं हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणालो. "पहिला नंबर."

तिनं गजांवरच्या माझ्या हातांकडं पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि विमलचं ओलं झबलं गजांतून माझ्या हातात दिलं, वाळत घालायला. उद्याच्या सुईबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. सिस्टर सांगतील, असं मनाशी म्हणालो. दुसऱ्यावर टाकता येण्याजोगं काही उरलं असेल तर माणूस ते शोधून काढतोच.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना एका अडलेल्या बाळंतिणीकडं जावं लागलं, म्हणून विमलची सुई संध्याकाळवर गेली. आणि चार वाजता, मी खिडकीशी पोचायच्या आधीच, आत्या तिथं उभी होती. सिंदीहून पॅसेंजरनं एकटी आलेली, हातात भाकरीची फडकी. गिरजाशी तिचं बोलणं होऊनही गेलं होतं. म्हणजे अठ्ठ्याण्णवची वार्ता तिला कळली होती.

"मंग आता काऊन ठेवलं इथं?" आत्या मला म्हणाली. "पास झाली पोट्टी. पोरं पास झाली का तू शाळेत ठेवतं काय त्याईले? घरी ने. सुया टोचून टोचून चाळणी केली लेकराची. घरी गरमाईत ठेवू, बिब्बा लावू, चार दिवसात खेळन."

तिचं काही चुकत नव्हतं. माझ्या आकड्यावरून तिनं सरळ उत्तर काढलं होतं. गणित बरोबर, आकडाच खोटा. सहीचा कागद आत डॉक्टरांच्या टेबलावर होता, आणि आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो असं लिहून दिलं की कुणी कुणाला थांबवत नाही. कालच एक कुटुंब तसं लेकरू घेऊन गेलेलं मी पाहिलं होतं.

विमल खाटेवर दोन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. तिच्या नाकपुड्या मला खिडकीतून दिसत होत्या.

गिरजानं आत्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"अजी, नेऊ काय घरी?"

गज माझ्या मुठीत होते. ते थंड होते, एवढंच आठवतं. मागं आर्वीवाला होता, सिस्टर होत्या, आत्या होती.

"नेऊ नोको," मी म्हणालो. "अठ्ठ्याण्णव नाई. एकशे दहा हायेत. आन् जास्त म्हणजे वाईट असते. नव्वदही वाईटच होते. मले समजलं नाई, मंग समजलं, तर सांगता आलं नाई. छातीत पाणी झालं. आज सुईनं काढणार हायेत."

आत्या भाकरीची फडकी घेऊन खाली बसली. तिच्या पोटावरच्या पाच डागांवर पदर होता, त्याच्यावर हात ठेवून ती बसली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "माह्या गंगूच्याही छातीत पाणीच झालं असन का रे बापू?" गंगू म्हणजे तिची गेलेली थोरली. मी म्हणालो, मले ठाव नाई आत्या.

गिरजा खिडकीपासून उठून गेली. सिस्टरला जाऊन तिनं विचारलं, सुई कधी घालणार आणि पोरीला कसं धरायचं.

*

पोरीला तिनंच धरलं. मला फक्त बंद दार दिसत होतं. विमल ओरडली, आणि मी आर्वीवाल्याचा हात इतका आवळला की दुसऱ्या दिवशी त्यानं तो सुजला म्हणून मला दाखवला. बाटलीभर पिवळट पाणी निघालं. रात्री आडवी झोपली, असं सकाळी सिस्टरनं सांगितलं.

त्यानंतर गिरजा माझ्याशी कामापुरतं बोलायची. झबलं आणा, साखर आणा. मी आणायचो. खोटं बोललेल्या माणसाला कामं दिली तर तो फार बरा राहतो.

ताप गेला. फासोळ्यांखालचा खड्डा गेला. पोरगी दूध मागायला लागली, आणि मी मोठ्या हौसेनं रक्ताचा आकडा ऐकायला गेलो, तर पंच्याऐंशी. भाऊंनी मला स्टुलावर बसवलं.

"मास्तर, तुम्ही सिंदीचे ना? स्टेशनाजवळ राहता ना? मग एवढं कळत नाही? पॅसेंजर येऊन गेली तरी मालगाडी मागून हळूहळू येते. हा आकडा मालगाडी आहे. लेकराकडं पाहा."

लेकराकडं पाहायचं म्हणून मी खिडकीशी गेलो. विमल आईच्या मांडीवर बसून सिस्टरच्या ट्रेमधला कापूस उपसत होती. मालगाडी आली, पण सावकाश. पुढच्या वेळी पंचावन्न, आणि घरी गेल्यावर महिन्याभरानं पुन्हा दाखवायला आणलं तेव्हा अठरा. अठरा ऐकून मी जिलबी आणली नाही. आणली असती तर या खेपेला ती बरोबर ठरली असती.

ज्यांच्या घरी लेकरू आजारी असेल त्यांच्यासाठी मला दोनच गोष्टी लिहायच्या आहेत. कुणी आकडा सांगितला तर लाज न बाळगता विचारा, वाढला तर बरं की वाईट. मी मास्तर असून विचारलं नाही, तुम्ही मास्तर नसाल तर तुम्हाला सोपं जाईल. आणि श्वासाबरोबर फासोळ्यांखाली खड्डा पडत असेल तर ओवा, बिब्बा आणि नवरा, कुणाचीही वाट पाहू नका.

*

विमल घरी आली तरी मी काही सुटलो नाही. ती अंगणात खेळायला गेली की मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचो. पळाली की तिचे श्वास मोजायचो, खोकली की घड्याळ काढायचो. शाळेला उशीर व्हायला लागला. आत्या तिच्या शेजारी अंगणात बसलेली असायची. बिब्ब्याची सुई तिनं कुठं टाकली मला माहीत नाही, पण ती मला पुन्हा दिसली नाही.

एक दिवस मी असाच उभा होतो. गिरजा चुलीपाशी भाकरी थापत होती. त्या आकड्यांबद्दल आम्ही तोवर एकदाही बोललो नव्हतो. मीच विषय काढला. म्हणालो, तुझी झोप मोडू नये म्हणून मी तेव्हा बोललो नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी सांगणार होतो.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले.

"मले का समजते आकड्यातलं?" ती म्हणाली. "नव्वद सांगतलं तवा तुमी हासत होते, म्हून मी झोपली. अठ्ठ्याण्णव सांगतलं तवा दोन्ही हातानं गज धरून उभे होते. मी समजली. रातभर पोरीले धरून बसली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईसमोर इच्यारलं, घरी नेऊ काय, तर काय मी नेणार होती? तुमच्या तोंडून निघत नव्हतं, म्हून इच्यारलं."

मी अंगणात विमलकडं पाहत राहिलो.

गिरजानं भाकरी उलटवली आणि मागं न पाहता म्हणाली, "आता तरी सोडा ते गज. हे खिडकी आपल्या घरची हाये, चार वाजाची वाट पाहाले नाई लागत. दार उघडं हाये, जा, पोट्टीपाशी जाऊन बसा."